सहा वर्षांचा काता आणि एक धरलेले मनगट

डिचोली तालुक्यातील एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "माझी मुलगी बारावीत शिकते. सहावीत असल्यापासून ती शोतोकान शैलीचे कराटे करते. गेल्या वर्षी तिला ब्लॅक बेल्ट मिळाला आणि काता प्रकारात, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने क्रमाने करण्याच्या प्रकारात, तिने पदकेही मिळवली आहेत. महिन्यापूर्वी संध्याकाळी म्हापसा बसस्थानकावर एका अनोळखी माणसाने तिचे उजवे मनगट धरले आणि 'चल' म्हणत तो तिला ओढू लागला. ती जागच्या जागी थिजली. शेजारी फुले विकणाऱ्या बाईने आरडाओरडा केला म्हणून तो निघून गेला. त्या दिवसापासून ती क्लासला जात नाही. काता म्हणजे नुसता नाच, असे म्हणते. तिच्या सरांना विचारले, तर त्यांनी सराव वाढवायला सांगितले. तिची सहा वर्षे वाया गेली का? कातातील हालचालींचा स्वसंरक्षणासाठी खरोखर उपयोग होतो, की तिला दुसरे काही शिकवावे?"

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तुमच्या मुलीचे मन तिथेच अडून बसलेले दिसते. सहा वर्षे वाया गेलेली नाहीत. मात्र या सहा वर्षांत तिच्या पदरात विद्येचा अर्धाच भाग पडला आहे, आणि उरलेला अर्धा राहिला यात तिचा काही दोष नाही. गावच्या देवळाच्या उत्सवात नाटक बसते तेव्हा आपण काय करतो? एखाद्या नटाचे सगळे संवाद तोंडपाठ आहेत, पण समोरच्या पात्राबरोबर त्याची एकही तालीम झालेली नाही, अशा स्थितीत त्याला कोणी रंगमंचावर उभे करत नाही. केलेच, तर तो पहिल्या वाक्याला अडखळणार हे सर्वांना ठाऊक असते. तुमच्या मुलीने आपले संवाद हजारो वेळा म्हटले, परंतु समोरचे पात्र तिला बसस्थानकावरच पहिल्यांदा भेटले.

ती थिजली याबद्दल दोन शब्द. धोका अचानक अंगावर आला की शरीर काही क्षण स्तब्ध होते, छाती धडधडू लागते, श्वास वर चढतो, बोटांनी करायची नाजूक कामे जमेनाशी होतात आणि आजूबाजूचे आवाज जणू दूर जातात. हे धडधाकट पुरुषांचेही होते आणि अनेक वर्षे शिकवणाऱ्या प्रशिक्षकांचेही होते. म्हणून "तू त्याला एक ठोसा का नाही लगावलास" असे घरात कोणी, अगदी थट्टेतसुद्धा, म्हणू नये. आजोबा-काकांनाही तसे आधीच सांगून ठेवावे. हा थिजण्याचा काळ सरावाने कमी करता येतो, पण त्यासाठी मनगटावर पडलेली पकड हीच हालचाल सुरू करण्याची खूण व्हावी लागते. क्लासमध्ये तिची खूण होती सरांनी मोजलेला आकडा. बसस्थानकावर कोणी "इची, नी, सान" (जपानीतले एक, दोन, तीन) म्हणत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कातातील हालचाली कामाच्या आहेत का? आहेत, परंतु बहुतेक क्लासमध्ये त्यांचा जो अर्थ सांगितला जातो, त्या अर्थाने नव्हेत. हे नीट समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

कराटे आज जपानमध्ये असलेल्या ओकिनावा बेटावर वाढले. तिथले जुने शिक्षक मोजक्याच शिष्यांना, बहुधा घराच्या अंगणात, समोरासमोर शिकवत असत. 1901 साली इतोसु आंको यांच्या प्रयत्नांनी ही विद्या तेथील शाळेत गेली आणि शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी पाच सोप्या कातांची 'पिनान' ही मालिका बांधली. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन 1922 मध्ये टोकियोला गेले आणि पुढे त्यांनी याच मालिकेला 'हेयान' हे नाव दिले. तुमची मुलगी पहिल्या वर्षी जो हेयान शोदान शिकली, तो या मालिकेतला पहिला काता. अंगणातून शाळेच्या मैदानावर आल्यावर जे व्हायचे तेच झाले. चाळीस-पन्नास मुले रांगेत, एक शिक्षक समोर, आकड्यांवर कवायत. लहान मुलांना हाडे मोडण्याचे आणि गळा दाबण्याचे अर्थ सांगणे शहाणपणाचेही नव्हते, म्हणून हालचाल राहिली आणि तिचा अर्थ 'ब्लॉक' व 'पंच' एवढ्यावर उरकला गेला, हे जाणकारांचे मत मला पटते. आपल्याकडच्या क्लासमध्ये जे चालते ते त्या शाळकरी कवायतीचेच नातवंड आहे.

याच इतोसु यांनी 1908 मध्ये कराटेविषयी दहा सूचनांचे एक पत्र लिहिले होते. त्यातील पहिल्याच सूचनेचा आशय असा आहे की, कराटे हे एका प्रतिस्पर्ध्याशी लढत खेळण्यासाठी नसून एखादा गुंड वा दुष्ट माणूस अंगावर आलाच, तर हातापायांचा उपयोग करून स्वतःला इजा होऊ न देण्यासाठी आहे. ज्या माणसाने हेयान मालिका बांधली, त्याच्याच मनात ती कशासाठी होती हे यावरून कळते. गुंड माणूस सहा फुटांवर उभा राहून, वाकून नमस्कार करून, सरळ रेषेत ठोसा मारत नाही. तो आधी बोलतो, मग जवळ येतो, मनगट, दंड, केस, कॉलर किंवा ओढणी धरतो, ओढतो किंवा भिंतीला दाबतो. अंतर हातभराचेही नसते. काता वाचायचा तो या अंतरावरून.

मला स्वतःला हे उशिरा उमगले. ब्राउन बेल्ट असताना एका जत्रेच्या गर्दीत एकाने माझ्या शर्टाची कॉलर धरली होती. कारण क्षुल्लक होते, खाज्याच्या दुकानापाशी लागलेला धक्का. मी केले काय, तर दोन्ही हातांनी त्याला ढकलले. त्याची पकड तशीच राहिली आणि माझ्या शर्टाची तीन बटणे मात्र लोकांच्या पायांत गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या त्या वेळच्या सरांना विचारले की कॉलर धरली तर कातातील काय करायचे, तेव्हा ते म्हणाले, "आधी काता बरोबर करायला शीक." तुमच्या मुलीच्या सरांचे उत्तर वाचून मला ती बटणे आठवली. सर वाईट नव्हते. त्यांना तरी कोणी सांगितले होते!

अर्थ शोधण्याच्या या कामाला जपानी भाषेत 'बुंकाई' म्हणतात. शब्दाचा अर्थ सुटे करणे, उकलणे. उकलताना दोन किल्ल्या हाताशी ठेवाव्यात. पहिली किल्ली म्हणजे 'उके' हा शब्द. आगे उके (बाहू वर उचलून अडवणे), शुतो उके (तळहाताच्या कडेने अडवणे) यांतील 'उके'चे भाषांतर आपण 'ब्लॉक' असे करतो, पण मूळ जपानी क्रियापदाचा अर्थ आहे घेणे, स्वीकारणे. येणारा हात अडवून तिथेच थांबायचे असे त्यात नाही. तो घ्यायचा, वळवायचा आणि त्याच्यावर काही काम करायचे, असे आहे. दुसरी किल्ली म्हणजे कमरेवर ओढला जाणारा हात, म्हणजेच 'हिकिते'. क्लासमध्ये सांगतात की एक हात मागे ओढला की दुसऱ्यात जोर येतो. मला ते कारण कधीच पुरेसे वाटले नाही. बॉक्सिंग करणारा हात कमरेवर नेत नाही आणि त्याचा ठोसा काही हलका नसतो. कमरेकडे ओढला जाणारा हात रिकामा नाही, त्याच्या मुठीत समोरच्याचे मनगट, बाही किंवा कोपर आहे, असे धरून पाहा, म्हणजे त्याचे कारण चटकन कळेल: समोरच्याचा तोल आपल्याकडे येतो, त्याचा तो हात अडकतो आणि आपला दुसरा हात नेमका कुठे जाणार हे न पाहताही ठरते.

या दोन किल्ल्या घेऊन आता तुमच्या मुलीच्या पहिल्या काताकडे जाऊ. हेयान शोदानमध्ये सुरुवातीला डावीकडे गेदान बराई, म्हणजे बाहू खाली झाडण्याची हालचाल, आणि एक ठोसा आहे. मग ती उजवीकडे पूर्ण वळते आणि उजव्या हाताने पुन्हा गेदान बराई करते. यानंतर जे येते ते तिला डोळे मिटूनही येत असेल: पुढचे उजवे पाऊल मागे घेणे, उजवी मूठ पोटावरून वर्तुळात वर नेणे आणि मुठीची करंगळीकडची बाजू हातोड्यासारखी खाली आणणे, म्हणजेच तेत्सुई, आणि मग डावे पाऊल टाकून ठोसा. कातात पाऊल मागे घेण्याचे प्रसंग कमी असतात, त्यामुळे इथे काहीतरी विशेष चालले आहे हे सरळ दिसते. बहुतेक शाखांमध्येही या एका हालचालीचा अर्थ मोकळेपणाने सांगितला जातो: कोणीतरी उजवे मनगट धरले आहे. ज्या प्रसंगात तुमची मुलगी सापडली, नेमका तोच प्रसंग तिच्या पहिल्या काताच्या पहिल्या निम्म्यातच आहे. हे तिला सांगा. पण हिणवण्यासारखे नव्हे, एखादी हरवलेली वस्तू घरातच सापडली असे सांगतो तसे.

आता ती हालचाल सावकाश पाहू. तुम्ही लहानपणी फुगडी घातली असेल. फुगडीत दोघींचे हात एकमेकींत गुंफलेले असतात, दोघी मागे झुकतात आणि कोणाचा हात सुटणार असला तर तो कोणत्या बाजूने सुटतो, हे प्रत्येक मुलीला माहीत असते: अंगठ्याच्या. चार बोटांची पकड घट्ट, अंगठा एकटा. मनगट सोडवताना जोर चार बोटांच्या विरुद्ध लावला तर तो वाया जातो. अंगठा आणि बोटे जिथे भेटतात त्या फटीकडे आपल्या मनगटाची अरुंद कड वळवली, तर कमी ताकदीतही हात निघतो. कातातील पाऊल मागे जाते ते याचसाठी. ओढ दंडाची नसते, सगळ्या शरीराच्या वजनाची असते, फुगडीत असते तशी. मूठ आधी स्वतःच्या पोटाजवळ येते, कारण कोपर अंगाशी असले की हात तिचा असतो आणि लांब असला की समोरच्याचा. मग वर्तुळ; त्यात पकड सुटते किंवा निदान सैल होते. नंतर खाली येणारी मूठ समोरच्याच्या धरणाऱ्या हातावर, गळ्याजवळच्या हाडावर किंवा नाकावर, जे समोर येईल त्यावर पडते. आणि शेवटचा ठोसा? मनगट मोकळे झाले असेल आणि पळायला वाट असेल, तर तो मारायचाच नाही. तिथे डावे पाऊल ठोशासाठी पुढे टाकण्याऐवजी वळून पळण्यासाठी टाकावे. काता या बदलाला हरकत घेत नाही, परीक्षक घेतात.

एक गोष्ट मात्र क्लासमध्ये हमखास चुकते. जोडीदार मनगट धरतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो. खरा माणूस धरल्या क्षणी ओढतो, आणि ओढल्यावर तोल पुढे गेलेला असताना मागे झुकणे अशक्य होते. तेव्हा पहिले काम हात सोडवण्याचे नसते, पाय रोवण्याचे असते: एक पाऊल त्याच्याच दिशेने टाकून गुडघे वाकवायचे, ओढ क्षणभर सैल होते, आणि त्या क्षणात कातातील मागचे पाऊल शक्य होते. शिवाय त्याचा दुसरा हात मोकळा आहे. कातात डावी मूठ कमरेवर असते ती शोभेसाठी नव्हे. प्रत्यक्षात तो हात चेहऱ्यासमोर हवा किंवा त्याच्या मोकळ्या हाताच्या वाटेत हवा.

आगे उके ही हालचाल तिने याच कातात सलग तीनदा केली आहे. डोक्यावर येणारा दांडा अडवण्यासाठी, असे तिला सांगितले असणार. दांडा असा अडवला तर मनगटाचे हाड मोडेल, हे तिच्या सरांनाही माहीत आहे. तीच हालचाल कॉलर किंवा गळा धरला असताना करून पाहा. जो हात आधी वर जातो आणि नंतर कमरेवर येतो, तो धरणाऱ्याच्या कोपराच्या आतल्या वाकावर पडून त्याचा हात खाली आणि आपल्याकडे ओढतो. त्यामुळे त्याचे डोके आपोआप पुढे येते, आणि खालून वर जाणारा दुसऱ्या हाताचा बाहू त्याच्या हनुवटीखाली जाऊन भिडतो. माझ्या त्या तीन बटणांचे उत्तर हेच होते. गळ्यावर जोरात बाहू बसला तर प्राणावर बेतू शकते, म्हणून जोडीदाराबरोबर हे सावकाश आणि छातीच्या वरच्या भागावर थांबवूनच करायचे, हे ठळकपणे सांगून ठेवतो.

गेदान बराईकडेही असेच पाहता येईल, पण तिचे आतले अर्थ मी इथे थोडक्यात उरकतो. हात खाली झाडण्याआधी मूठ कानापाशी येते. ही कानापाशी आलेली मूठ आणि वर उचललेले कोपर हे डोक्याचे आणि मानेचे संरक्षण आहे, आणि एकाच वेळी दुसरा हात पुढे पसरलेला असतो तो समोरच्याला दूर ठेवण्यासाठी. हालचालीचा शेवट फोटोत चांगला दिसतो. कामाचा भाग मात्र त्या आधी दोन्ही हातांची जी फुली होते, तिच्यात आहे.

म्हापशाहून डिचोलीला येणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये उभे राहून प्रवास करणाऱ्या मुलीसाठी माझ्या मते यापेक्षा मोलाचा काता म्हणजे तेक्की शोदान. जुन्या ओकिनावी नावाने तो नैहांची. प्रत्यक्ष मारामारीसाठी प्रसिद्ध असलेले मोतोबु चोकी याच काताचे मोठे पुरस्कर्ते होते. या कातात पुढे-मागे जाणे नाही, सगळे आडवे, जणू पाठ भिंतीला लागली आहे. त्यात एक जागा अशी येते की एक तळहात पुढे पसरतो आणि दुसऱ्या हाताचे कोपर येऊन त्या तळहातावर आदळते. स्पर्धेत तिथे टाळीसारखा आवाज येतो आणि प्रेक्षक खूष होतात. तळहाताच्या जागी समोरच्याची मान किंवा डोक्याची मागची बाजू आहे असे समजा. एका हाताने डोके स्थिर धरायचे आणि कोपर त्यावर न्यायचे. बसमध्ये ठोसा मारायला हात लांब करता येत नाही, पण कोपराला वितीएवढी जागा पुरते. अंगाला मुद्दाम खेटणाऱ्याच्या बरगडीत नुसते कोपर रोवून ठेवले आणि मोठ्याने "मागे सर" म्हटले, तरी बहुतेक वेळा काम भागते.

मोठ्याने म्हणण्यावर माझा विशेष भर आहे. कातात 'किआई' असते; पोटातून निघालेली आरोळी. तुमच्या मुलीची किआई स्पर्धेत नक्की उत्तम असेल. तिला त्या आरोळीच्या जागी "सोड!" हा शब्द घालायला सांगा. मराठीत आणि कोंकणीत तो एकच आहे, त्यामुळे गोव्यात कुठल्याही बसस्थानकावर शंभर माणसे वळून पाहतील. म्हापशात तिला खरे तर त्या फुले विकणाऱ्या बाईच्या आवाजाने वाचवले. ते कौशल्य कमी प्रतीचे नाही.

आता थोडे सावधगिरीचे. बुंकाईच्या नावाखाली बरेच काही खपवले जाते. एकाने ठोसा मारून हात हवेत तसाच ठेवायचा आणि दुसऱ्याने त्याच्यावर सात हालचाली करायच्या, ही नाटकातली तलवारबाजी झाली. सांघिक काता स्पर्धेत पदकाच्या लढतीला जे बुंकाई दाखवतात, तेही तालीम करून बसवलेले प्रात्यक्षिक असते. पाहायला सुंदर, पण त्याला स्वसंरक्षण समजू नये. मी स्वतः एखादा अर्थ स्वीकारण्याआधी एवढेच पाहतो की समोरचा खरोखर धरून ओढत असताना तो चालतो का, चुकला तर पुढे काही करता येते का, आणि घामाने हात निसरडे असताना, पायात चप्पल आणि पाठीवर दप्तर असताना तो तसाच राहतो का. गोव्याच्या हवेत शेवटची अट फार उमेदवारांना गारद करते. समोरच्याच्या हातात चाकू किंवा फोडलेली बाटली असेल, तर कातातील काहीही आठवू नये. पर्स, मोबाइल, साखळी, जे मागेल ते दूर फेकून उलट्या दिशेने पळावे.

सरावाची रीत सांगतो. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पंधरा मिनिटे पुरेत. पहिले दोन आठवडे केवळ मनगटाची हालचाल घ्यावी. जोडीदाराने धरावे, पण ओढू नये. नंतरच्या आठवड्यांत त्याने एक-दोन पावले ओढावे. मग धरताना त्याने बोलावे, दरडावावे, आणि मुलीने प्रत्येक वेळी "सोड" ओरडून मगच हात फिरवावा. महिन्याभराने डोळे मिटून उभे राहावे आणि कोणते मनगट, दंड की खांदा धरला जाणार हे तिला आधी माहीत नसावे. प्रत्येक प्रयत्नाचा शेवट दहा पावले पळण्याने करावा, कारण सुटून तिथेच उभे राहण्याची सवय ही क्लासमधली वाईट सवय आहे. मारण्याचा भाग जोडीदारावर नव्हे, पॅडवर करावा. पॅड नसेल तर घडी केलेली जुनी गोधडी चालते. दोनदा थोपटले की जोडीदाराने ताबडतोब सोडायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. आणि सराव गणवेशात नको. कॉलेजचे कपडे, सँडल, दप्तर. हातात बांगड्या असतील तर काचेच्या काढाव्यात, धातूचे कडे मात्र ठेवावे. पकडीखाली कडे आले की ते हाडाला रुतते आणि त्या दुखण्याने हालचाल बदलते, हे तिला घरातच कळलेले बरे.

दुसरे काही शिकवावे का, असे तुम्ही विचारले आहे. कराटे सोडून नव्हे, पण जोडीला कबड्डी किंवा जुदो मिळाले तर मी आनंदाने पाठवीन. त्यातील डावांपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, चढाईला गेलेल्या मुलीला दर मिनिटाला कोणीतरी मनगटाला, घोट्याला, कमरेला धरत असते. धरले जाणे ही तिच्या दृष्टीने रोजची गोष्ट होते. ज्या कबड्डीपटू मुली माझ्याकडे कराटे शिकायला आल्या, त्यांना बुंकाई समजावून सांगायला मला कधी वेळ लागला नाही; त्यांचा काता मात्र दिसायला ओबडधोबड होता.

कायद्याचे थोडक्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. शरीराला धोका आहे अशी रास्त भीती निर्माण झाली की हा हक्क सुरू होतो, म्हणजे आधी मार खायची वाट पाहावी लागत नाही. आणि ती भीती संपली की हक्कही संपतो. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, असे कलम 37 सांगते. म्हणून हात सोडवताना नाकावर बसलेली मूठ हा बचाव ठरू शकतो, पण पळून जाणाऱ्याला गाठून मारलेली लाथ ठरत नाही. झालेल्या प्रकाराची तक्रार महिना उलटला तरी पोलिसांकडे करता येते. महिलेच्या विनयभंगाच्या हेतूने बळाचा वापर करणे हा कलम 74 खालील गुन्हा आहे, आणि मुलगी अठरा वर्षांखालील असेल व त्या माणसाचा हेतू लैंगिक असेल, तर 2012 चा पॉक्सो कायदाही लागू होऊ शकतो. तातडीसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक तिच्या फोनमध्ये वरच ठेवावेत.

तिच्या सरांशी पुन्हा एकदा बोला, मात्र तक्रारीच्या सुरात नको. "हेयान शोदानमधील तेत्सुई जोडीदाराने ओढत असताना करून घ्याल का" एवढीच नेमकी विनंती करा. चांगला शिक्षक या प्रश्नाने सुखावतो. ते तयार झाले नाहीत, तर क्लास काता आणि व्यायामासाठी चालू ठेवा आणि हा भाग घरी करा.

तिला क्लासला जाण्याचा आग्रह मात्र आजच करू नका. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी, तिन्हीसांजेचा दिवा लावून झाला की, ओसरीवर स्वतःच उभ्या राहा आणि तिला म्हणा, "माझे मनगट धर आणि ओढ; मला सोडवून घ्यायला शिकव." तुमचा हात पहिल्यांदा सुटणार नाही. तुम्ही चार बोटांच्या बाजूने झटका द्याल, कारण सगळेच तसा देतात. तिला कसे सांगायचे ते सुचले नाही, तर तिला फुगडीची आठवण करून द्या.